हळहळ कोणी व्यक्त केली

मी, खाली सही करणारी, निवृत्त भाषाशिक्षिका, अविवाहित, राहणार याच घरात, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि वर्तमानपत्रातल्या अग्रलेखातली व्याकरणाची चूकही सांगितली. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. माझ्यावर दबाव आणून पाहिलेले लोक हयात आहेत, त्यांना विचारावे. पैकी एक माझा धाकटा भाऊ आहे. मी जिथे शिकवले त्या शाळेचा तो मुख्याध्यापक आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर त्यातले शुद्धलेखन तपासावे, म्हणजे ते माझे नाही हे कळेल.

कलम १. राहते घर माझ्या भाचीला, म्हणजे वरील भावाच्या मुलीला, द्यावे. मागच्या खोलीचा दरवाजा फुगतो, त्याला खांदा लावावा लागतो. घर भाड्याने द्यायला हरकत नाही; मात्र कोपऱ्यावरच्या शिकवणीवाल्याला देऊ नये. तो मुलांना तयार निबंध पाठ करायला देतो. एकाच आजोबांचे निधन मी एकाच वर्गातल्या अर्ध्या वह्यांत वाचले आहे.

कलम २. कात्री, लाल पेन्सिली आणि कातरणांचे कपाट हेही भाचीलाच. ती वर्तमानपत्रात नोकरी करते आणि शहरातल्या बातम्या लिहिते, म्हणून या वस्तूंबद्दल थोडे सांगणे भाग आहे.

नववीला मी दर आठवड्याला बातमीचा तास घेत असे. ताजी बातमी कापून फळ्यावर लावायची, मुलांनी त्यावर पानभर लिहायचे. विषय धरणाचा असो, संपाचा असो की हरवलेल्या हत्तीचा, नियम एकच होता: वाक्याला कर्ता हवा. वर्तमानपत्रात 'नाराजी पसरते', 'मागणी होते' आणि कोणी गेले की 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे'. मुलांनी असे काही लिहिले की मी समासात लाल पेन्सिलीने 'कोणी?' लिहीत असे. मुले पाठीमागे मला कोणीबाई म्हणत. त्यांना वाटे मला माहीत नाही. मला ते नाव आवडत असे.

भाची माझ्याच वर्गातली. आता ती स्वतः आठवड्यातून एकदा तरी हळहळ व्यक्त करवते. मी विचारले, "अगं, कोण करतंय हळहळ?" ती म्हणाली, "आत्या, जागा कमी असते, नावं बसत नाहीत." कात्री तिला याच कारणासाठी देत आहे.

कलम ३. बँकेतली सर्व बचत शाळेला द्यावी, ती फक्त नववीच्या वर्गाच्या छतासाठी.

भाची नववीत असताना मी एक बातमी फळ्यावर लावली होती. दुसऱ्या एका गावात वाचनालयाचे छत कोसळले होते आणि 'सुदैवाने जीवितहानी टळली' होती. भाचीने लिहिले: "आमच्या वर्गाच्या छताला मागच्या बाकाच्या वर तडा आहे. मी तिथेच बसते. मुख्याध्यापकांना तो माहीत आहे, कारण मी त्यांना जेवताना सांगितलं. ते 'बघू' म्हणाले." चारही वाक्यांना कर्ता होता. मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि पान फळ्यावर लावले.

पुढच्या आठवड्यात सूचना निघाली: 'चालू घडामोडींवरील लेखन तूर्त स्थगित करण्यात येत आहे.' मी सूचनेखाली 'कोणी?' लिहिले. तड्याखाली पांढरे प्लायवूड ठोकण्यात आले. कोणी ठोकले ते सुताराला माहीत आहे.

भाऊ घरी येऊन म्हणाला, "ताई, पोरांना बातम्या वाचू दे. लिहायला लावू नकोस."

"वाचून काय करायचं?"

"सगळे काय करतात? गप्प बसतात."

चहा न घेता गेला तो आजतागायत आलेला नाही.

मी हयातीत छतासाठी पैसे देऊ केले होते. उत्तर आले की तडा असल्याची नोंद नसल्याने त्यासाठी देणगी स्वीकारता येत नाही. शाळेच्या कारकुनाने मला बाजूला घेऊन सांगितले, "बाई, मयत माणसाच्या स्मरणार्थ नूतनीकरण बसतं नियमात." म्हणजे माझ्या मरणाने एक तरी काम मार्गी लागणार आहे. प्लायवूड काढूनच काम करावे, वरून रंग देऊन नव्हे. भिंतीवर माझ्या नावाची फरशी बसवू नये. तिथे मुलांची पाने लावायला जागा लागेल.

कलम ४. हे कलम गाळावे असे वकिलांचे मत पडले. ते म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "मग कुठे बसतं ते सांगा." ते सांगेपर्यंत इथेच लिहिते.

आई गेल्यावर भावाला मी वाढवले. वाण्याकडून डाळ-साखर वर्तमानपत्राच्या पुड्यांतून यायची. बातमी अर्धी फाटलेली असायची. उरलेली तो रचायचा आणि मी लिहून घ्यायचे. बुडालेल्या होडीतले सगळे लोक तो वाचवायचा, होडीवाल्याच्या कोंबड्यांसकट. मी म्हणायचे, "एवढ्यांना पाण्याबाहेर काढलं कोणी?" तो म्हणायचा, "मी." बातमीचा तास हा असा त्याचा आहे. मी तो फक्त शाळेत नेला.

तो वाईट नाही. त्याला वरच्यांची धास्ती असते. रस्त्यात मी दिसले की तो चपलेचा अंगठा नीट करतो. मला त्याची फार आठवण येते.

कलम ५. बचत शाळेने पुढील अटीवर घ्यावी. छत झाल्यावर बातमीचा तास पुन्हा सुरू करावा. पहिला तास भावाने स्वतः घ्यावा, दुसऱ्या कोणाला पाठवू नये.

माझ्या निधनाची बातमी भाचीने लिहावी. तीत तिने एकदाच, माझ्या परवानगीने, 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे' असे लिहावे. तेच कातरण भावाने फळ्यावर लावावे, नियम मुलांना सांगावा आणि लाल पेन्सिल पहिल्या बाकावर ठेवावी. मुले हुशार असतात. कोणीतरी उठून विचारेलच, "सर, हळहळ कोणी व्यक्त केली?"

त्याचे उत्तर त्याने एका शब्दात द्यावे. तो शब्द त्याला लहानपणापासून येतो. तो खरा नसेल तर त्याने तो बोलू नये, गप्प बसावे. तरीही छताचे पैसे शाळेचेच राहावेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासला. कलम ३ मध्ये प्लायवूड 'ठोकण्यात आले' आहे, ते मुद्दाम तसेच ठेवले आहे.

सही: निवृत्त भाषाशिक्षिका (कोणीबाई)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई. सही केली.
साक्षीदार २: शाळेचा कारकून. सही केली; "साहेबांना कळलं तर?" असे विचारले. कळावे म्हणूनच केले आहे.

ठिकाण: माझ्या घरची पुढची खोली, भाऊ बसायचा ती खुर्ची.
दिनांक: सोबत जोडलेल्या आजच्या वर्तमानपत्रावर आहे तोच.