वरच्या तालीची वाकडी रेघ

नायेफदादा,

तू इतिहास लिहितोयस म्हणून विचारलंस, आपलं गाव ऐन जुवैद वसलं कधी. ते मला ठाऊक नाही. टिकलं कसं, ते ठाऊक आहे. तीन वर्षं पडीक राहिलेली जमीन सरकारजमा होते. म्हणून आजोबांनी तुर्कांच्या राज्यात नांगरली, बाबांनी इंग्रजांच्या. राज्यं गेली, नियम तोच राहिला. आता ताबा घेऊन बसलेली फौज विमानातून फोटो काढून बघते, कुठली जमीन नांगरलेली नाही ते. तू चिलीला गेल्यापासून तुझ्या वाट्याची वरची ताल, डोंगरउतारावरची ती शेताची पायरी, पडून होती. यंदा तिसरं वर्ष.

आज ती मी नांगरली. तिथे ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून गाढव जुंपलं. शेजारच्या वस्फियाकाकू बांधावरून म्हणाल्या, "बाईमाणसाने नांगर धरलेला बघितला नव्हता बाई. रेघ बघ, साप गेल्यासारखी."

म्हटलं, "फोटोत दिसली म्हणजे झालं."

त्या बांधावरून खाली उतरल्या आणि गाढवाचा कासरा धरून पुढे चालू लागल्या.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस की म्हणशील, 'विकून टाक आणि इकडे ये.' त्यापेक्षा तुझ्याच ऑलिव्हच्या झाडांच्या तेलाचा डबा पाठवते. भाकरी बुडवून खा, मग लिही इतिहास.

उद्या खालची ताल. रेघ सरळ येईल.

तुझी धाकटी,
रसमिया