बांधावरचा तांदुळजा

माय, परवा मी सुनेला तांदुळजा खाऊ घातला. तुझ्यासारखाच, लसूण ठेचून, वर शेंगदाण्याचं कूट. तिला सातवा महिना लागलाय, तोंडाला चव नाही, म्हणून गरम भाकरीबरोबर मुद्दाम दोनदा वाढला.

लिंबागणेशला चतुर्थी करून येताना शेतात डोकावले, तर बांधावर कोवळी पानं. पदर भरून खुडली. तू खुरपून उठायचीस तेव्हा तुझ्या पदरात भाजी असायचीच. एकदा मी ती तणाबरोबर भिरकावली, तर तू खुरप्याची मूठच हाणलीस माझ्या हातावर. "खायची चीज फेकती व्हय गं? लई माजलीस!" पन्नाशी उलटली, तो मार विसरले नाही. खाण्याजोगं पान पुन्हा कधी टाकलं नाही.

सून जेवून आत पडली होती. लेक शेतातून उशिरा आला, ताट बघून थबकला. "भाजी कुठली?"

"आपल्या बांधावरची."

"अगं, तू देवाला गेलतीस तवा तिथं औषध मारलं मी!" औषध म्हणजे तणनाशक.

"पानं तर हिरवीगार होती की."

"लगीच न्हाई जळत ते. चार-आठ दिस लागतेत." मग आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाला, "तिला सांगू नको. घाबरंल."

माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर, आणि खरं सांगू, तुझ्यावरही. बांधावरचं खुशाल खावं हे तू शिकवलंस. आता आधी विचारून खावं, हे मला कोण शिकवणार होतं?

काल चौसाळ्याला डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "एकदा खाल्ल्यानं बहुतेक काही होत नाही. उलटी, पोटदुखी झाली तर या. पण असं थोडं थोडं रोज पोटात गेलं तर काय, ते मलाही ठाम सांगता येणार नाही." घरी येऊन मी लेकाला पहिलं वाक्य तेवढं सांगितलं. तो निर्धास्त झाला, पोटभर जेवला.

आज सकाळी सून म्हणते, "आत्याबाई, परवाची भाजी लई ग्वाड लागली. अजून आणा की." मी चुलीकडे तोंड फिरवलं.

हा कागद पिठाच्या डब्याखालीच राहील. फक्त तुला सांगते. डॉक्टरांना मी म्हणाले, भाजी मीच खाल्ली. सुनेचं नावच काढलं नाही, लाज वाटली. त्यांनी सांगितलं ते माझ्या पोटाबद्दल होतं, माय.