पेचकस दातात धरून

बाबा, आज धरणावर नावेचं जुनं इंजिन पाहायला गेलो होतो. तुमचं आयुष्य विहिरीवरची डिझेल इंजिनं उघडण्यात गेलं, हे प्रकरण तुम्ही पाहिलं नसेल. नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, पंखा खाली पाण्यात, दोरी ओढली की सुरू. घेणारे नवराबायको, दोघंच जाळं टाकायला जातात. आजवर वल्ही मारत होते, आता त्याचा खांदा साथ देत नाही. भर पाण्यात इंजिन बंद पडलं आणि वारा सुटला, तर काठाला लागणं कठीण. म्हणून कोणीतरी त्यांना सांगितलं, खामगावच्या त्या मिस्त्रीला न्या, त्याच्या बापाचा कान फार तयार होता.

पाहणी तुमच्याच पद्धतीने केली. आधी इंजिनावर हात ठेवला. गार होतं, विकणाऱ्याने खोट लपवायला आधीच तापवून ठेवलेलं असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो. खालचा स्क्रू पेचकसने ढिला करून तेल बोटावर घेतलं, पाणी शिरून दुधाळ झालेलं नव्हतं. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची धारही बाजूने नीट पडत होती. 'घेऊन टाका' म्हणणारच होतो, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "भाऊ, हे आतून टकटक काऊन करून राह्यलं?"

"मशीन हाय ते बाई, आवाज करनच ना," विकणारा म्हणाला. नवऱ्यानेही तिला दटावलं, "तू चूप राह्य. मिस्त्रीले समजत नाही का?"

मिस्त्रीला खरंच समजत नव्हतं. मला नुसती घरघर ऐकू येत होती. वर्षभर घरच्यांवर खेकसतोय की टीव्हीचा आवाज एवढा बारीक का ठेवता म्हणून. मग पेचकस काढला, टोक इंजिनाच्या अंगाला लावलं आणि मूठ दातात धरली. तुम्ही शेवटच्या वर्षांत करायचात तसं. आधी तुम्ही मूठ कानाला लावायचात, पुढे दातात धरायला लागलात, आणि मी गिऱ्हाइकांना हसत सांगायचो, आमचे बाबा इंजिन खाऊन पाहतात. दातांतून थेट डोक्यात ठोके आले. बेअरिंग गेलेलं होतं.

"ताई बरोबर म्हणते," मी म्हटलं. "बेअरिंग बदलल्याबिगर घेऊ नका. आन् मले कमी ऐकू येते, तवा पुढच्या वक्ताले हिलेच जवळ उभी करा." नवऱ्याने सरकून बायकोला इंजिनाजवळ जागा दिली. विकणारा भला माणूस. "हाव, बदलून ठेवतो, मंग या," एवढंच म्हणाला. एवढी चार वाक्यं बोलायला किती ताकद लागते, हे मला आज कळलं.

तुम्हाला कोणी ती चार वाक्यं बोलूच दिली नाहीत. उंद्रीचा तो माणूस आठवतो? तुम्ही पसंत केलेलं इंजिन आठवड्यात जाम झालं म्हणून तो दुकानाच्या दारात उभा आहे, आत गिऱ्हाइकं बसलेली आहेत, आणि तुमच्या आधी मी तोंड उघडतो, "यायनं पाह्यलंच नसन. गप्पा हाणत बसले असतीन." तुम्ही माझ्याकडे पाहता. रॉकेलमध्ये हात धुता आणि त्याला म्हणता, "माह्यं चुकलं. घेऊन ये, खोलून देतो." त्यानंतर तुम्ही पाहणीला गेला नाहीत. बोलावणं आलं की मला पाठवायचात.

परतताना बसमध्ये मनाशी वाक्य जुळवलं होतं, की बाबा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं हे तेव्हा मला समजलं नाही, आज समजलं. तेच लिहायला बसलो होतो. पण हा कागद कुठे जायचा नाही, इथे तरी खोटं कशाला? उंद्रीचा माणूस आला त्याच दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात कुकरजवळ उभे होतात. तीन शिट्ट्या झाल्या आणि तुम्ही आईला विचारलंत, "अजून शिट्टी काऊन नाही झाली?" तुम्ही गंमत करताय असं वाटून आई हसली. मी हसलो नाही. दुकानात बोललो तेव्हा मला माहीत होतं, बाबा. पाहणीला लोकांनी आता मला न्यावं, एवढंच मला हवं होतं.