वकारचा मोबाइल आणि माझा सीझन

२ मार्च
सीझन उघडला. दुकान झाडलं, पाटी पुसली. मलकापुरात कूलर दुरुस्ती म्हटलं की प्रेमानंद. हे मी म्हणत नाही, पाटी म्हणते.
समोरच्या गाळ्यात वकारनंही आज दुकान उघडलं. हा वकार माझ्याच हाताखाली जळालेली मोटर तार गुंडाळून भरायला शिकला. माझ्याकडे असतानाच त्याचं लग्न झालं, दोन लेकरं झाली. आता पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "उस्ताद, दुआ द्या." दिली. मनातून नाही.
त्याच्या पाटीवर लिहिलंय, 'मोबाइलवर बुकिंग करा'. कूलर आहे की रेल्वेचं तिकीट?
संकल्प: त्याच्याकडे बघायचं नाही.

९ मार्च
दिवसभर बघितलं. त्याच्या दुकानाला कुलूप. धंदा बसला म्हणायचा. वाईट वाटलं. फार नाही.
बायको धम्मशीला जेवताना म्हणाली, "बसला कायचा! लोकं फोनवर बोलावते त्याले. घरोघरी जाऊन राह्यला तो."
मी म्हटलं, डॉक्टर काय पेशंटच्या दारोदार फिरतो?
"तुमी डॉक्टर हा काय?"
तिच्या अंगणवाडीत सरकारने मोबाइल दिल्यापासून ही बाई उलट बोलते. सगळं त्या यंत्राचं पाप.

१६ मार्च
दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाही. लोकांची अक्कल उन्हाने वितळली आहे.
विचार केला. शत्रूला त्याच्याच हत्याराने मारायचं. पुतणी डिंपल कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, तिला बोलावलं. तिने माझं दुकान मोबाइलच्या नकाशावर चढवलं. फोटो साळ्याच्या लग्नातला, कोट घातलेला. ती म्हणाली, "काका, कूलरवाल्याले कोट कशाले?" म्हटलं, वजन पडतं.
दुकानाची वेळ विचारली. मी असेन तेव्हा, म्हटलं. तिने स्वतःच्या मनाने दहा ते आठ टाकली. आजकालच्या पोरी कोणाचं ऐकत नाहीत.
वकारचे दिवस भरले.

२० मार्च
मेसेज सुरू झाले! पण कसले लोक. अश्विनी नावाच्या मास्तरीणबाईंनी कूलरचा फोटो पाठवला आणि विचारलं, "काय बिघडलं असेल?" लिहिलं, 'फोटोला नाडी नसते. दुकानात आणा.' त्यांनी लिहिलं, एवढा मोठा कूलर आणू कसा? लिहिलं, 'घरी नेला तसा.'
पुढे उत्तर नाही. शिस्त लावली की लोक गप्प बसतात.
एकाने लोकेशन मागितलं. लिहिलं, 'मलकापुरात कोणालाही विचारा.'

२३ मार्च, दुपार
मेसेजची फार कटकट. जेवून आडवा झालो की नेमकं टुंग. वैतागून सेटिंग उघडली. त्यात दुकान 'बंद' दाखवायची सोय निघाली! दोन प्रकार होते, 'तात्पुरते' आणि 'कायमचे'. माझी दुपारची झोप रोजचीच. 'तात्पुरते' रोज रोज कोण दाबत बसणार? 'कायमचे' दाबलं.
डिंपलची गरजच नव्हती. मेंदू असला की झालं.

६ एप्रिल
टुंग पूर्ण बंद. केवढी शांतता. जाहिरात लोकांच्या मनात मुरते आहे, वेळ लागणारच.
वकार आज गाडीवर दोन पंप आणि गवताच्या ताट्या बांधून चालला होता. फेरीवाल्यासारखा. मी सावलीत बसून पाहत होतो. मालक कोण, हे जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसलंच असेल.

१७ एप्रिल
ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नाही. असल्या उन्हात पूर्वी माझ्या दारात भांडणं व्हायची, माझा कूलर आधी म्हणून. आज एक बाई आली. तिला सुटे पाहिजे होते.
धम्मशीला म्हणाली, "सरळ जाऊन वकारले विचारा, तुमचंच काऊन असं होऊन राह्यलं."
मी? त्याला? दुकान विकून मुंगफल्ल्या विकीन.

२० एप्रिल
अपमान. जन्मभर विसरणार नाही.
पिंपळगाव राजा गावचे गुलाबराव, माझं जुनं गिऱ्हाईक. भर दुपारी टोपी हातात घेऊन, मान खाली घालून दुकानात शिरले. मला पाहिलं आणि दाराला टेकले.
"भाऊ... तुमी हा?"
मीच आहे म्हटलं. कोण पाहिजे होतं?
"पोरानं मोबाइल पाह्यला. 'कायमचे बंद' दाखवून राह्यला न तो. त्यात तुमचा कोटातला फोटो. आमाले वाटलं, गेले. वहिनीले भेटाले आलो."
चहा पाजला. तो पिताना ते सारखे माझ्या पायांकडे बघत होते. त्यांच्या घरचे कूलर कुठे दिले, विचारलं. म्हणाले, "तुमी तर गेले होते न. वकारले देल्ले."
म्हणजे हा डाव आहे! मला जिवंतपणी मारलं!

२० एप्रिल, पुन्हा
रस्ता ओलांडून गेलो आणि वकारला भर बाजारात झाडलं. चोर म्हटलं, हॅकर म्हटलं, मिठाला जागला नाही म्हटलं. गर्दी जमली. त्याने हात पुढे केला. माझा फोन मागितला, बोट फिरवलं आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "उस्ताद, हे तुमच्याच फोनातून दाबलं गेलं. तेवीस मार्चले." मग नकाशावर माझं दुकान परत चालू करून फोन माझ्या खिशात ठेवला आणि लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "कंपनीची गलती होती. चला, आपापल्या कामाले लागा."
कंपनीचीच गलती. बटण असं ठेवावंच कशाला?
जेवलो नाही. धम्मशीलाने ताट झाकून ठेवलं. तेच जास्त लागलं.

११ मे
मोबाइल चालू, दुकान चालू, गिऱ्हाईक नाही. एकदा मेला म्हणून ऐकलेल्या माणसाकडे लोक कूलर देत नाहीत.
आज वकार स्वतः आला. स्टुलावर बसला, जुन्या जागेवर. म्हणाला, "उस्ताद, फोन थांबून नाही राह्यले. मोटर भराले तुमच्यासारखा हात नाही माह्याजवळ. तुमी या."
अटी घातल्या. भागीदारी, वेगळी खुर्ची, मोबाइल नाही. खुर्चीला तो हो म्हणाला.
भागीदारीबद्दल काही बोलला नाही. मूकसंमती.

१८ मे
रुजू झालो. वकारच्या दुकानाचं नाव छापलेला टी-शर्ट दिला. पोटावर घट्ट आहे, त्यामुळे अक्षरं लांबून वाचता येतात. मोबाइलही कामावर सोबत ठेवावा लागतो. मी कुठे आहे ते त्याला त्यात दिसतं.
पहिलं काम स्टेशनकडच्या घरी. काजल नावाच्या सूनबाईंनी दार उघडलं आणि माझ्या मागे बघत विचारलं, "वकारभाई नाही आले?" सांगितलं, वकारला मीच शिकवलं. त्या म्हणाल्या, "हो का? मंग त्याइले फोन करून विचारून घ्या न, आवाज कायचा येऊन राह्यला."
फोन केला नाही. बेअरिंग काढली, नवी बसवली, मोटर सुरू केली. आवाज गेला. आत खाटेवर त्यांची सासू उन्हाने अर्धमेली पडली होती. गार वारा लागला तशी उठून बसली आणि म्हणाली, "बरं वाटलं बाप्पा."
काजलबाई खुश. मोबाइल काढून म्हणाल्या, पाच स्टार देते, नाव सांगा. सांगितलं, प्रेमानंद.
त्यांनी शोधलं. वर केलं, खाली केलं.
"नाही येऊन राह्यलं. एकच नाव हाय याच्यात. वकार. दाबू?"
दाबा म्हटलं.