चार ताऱ्यांची शाबासकी

प्रिय सिरक्का,

आज कामाचं काही नाही, नुसतंच पत्र. हापसालूत सकाळपासून वारा सुटलाय. मिर्तेल शाळेतून आली ती तू पाठवलेले राखाडी लोकरीचे मोजे घालूनच घरभर फिरतेय. उन्हाळा आला तरी काढणार नाही म्हणते. ऐवार अजून तुमच्याच फिनलंडात, तुर्कूला इमारती बांधतोय आणि महिन्यातून एकदा बायकोमुलीचं तोंड बघायला येतो.

आपली ओळख झाली तेव्हा मी कामं मिळवून देणाऱ्या त्या संकेतस्थळावर विणकामाच्या कृती भाषांतरित करत होते. सुरुवातीला ते माझ्या कमाईतले दहा टक्के घेत, मग पंधरा, मग वीस. पुढे तर नुसतं काम मागायलाही पैसे भरायचे, मिळो न मिळो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तरी मी चिकटून राहिले, कारण दुसरी वाट मला माहीत होती. बोट पकडायची, हेलसिंकीच्या हॉटेलात चादरी बदलायच्या आणि मिर्तेलला आजीच्या हवाली करायचं. आमच्या गल्लीत अशी आजीकडे वाढणारी मुलं कितीतरी आहेत. बाप लांब होताच. आईही लांब गेली असती तर त्या पोरीचं काय झालं असतं, हा विचार मला जेवू देत नसे.

अशात तू आलीस, पोर्वोची लोकरवाली. तुझ्या हातमोज्यांच्या कृती मी जीव ओतून केल्या. अंगठा नेमका बसतो की नाही, हे बघायला प्रत्येक मोजा स्वतः विणून पाहिला. आणि तू मला पाचापैकी चार तारे दिलेस! खाली शेरा, ‘काम चांगलं.’ लगेच माझ्या नावापुढचा मानाचा बिल्ला गेला, नाव मागच्या पानांवर ढकललं गेलं, नवी कामं आटली. दुष्काळात तेरावा महिना. मी मनातल्या मनात तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. पण आम्ही एस्टोनियन माणसं, तोंडाला कुलूप.

थंडीत तू मला पुन्हा काम द्यायला निघालीस, तेव्हा मी सापडेना म्हणून तूच रागावलीस, इतकी मागे का लपून बसलीस म्हणून. मग मी सगळं सांगितलं. तुझं उत्तर मला अजून पाठ आहे: “अगं, आमच्या शाळेत दहापैकी दहा देवाला, नऊ गुरुजींना आणि आठ वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराला. तुला पाचात चार, म्हणजे आठ दिले, आता काय आरती ओवाळू?” एवढं नुकसान होऊनही मी खूप हसले. हा घोळ फक्त फिनलंडचं माणूसच घालू शकतं.

तारे बदलायची मुदत टळली होती. तू त्या लोकांशी भांडलीस, उपयोग झाला नाही. तेव्हा तू मला तिथून सोडवायचंच ठरवलंस. गिऱ्हाइकाला थेट व्यवहार करायचा तर त्यांना सुटकेची रक्कम भरावी लागे. ती तू गुपचूप भरलीस आणि मला ते त्यांच्याकडूनच कळलं. एवढ्यावर थांबली नाहीस. लोकरीच्या जत्रेत तुझ्या दुकानाशी जो थांबेल त्याला तू माझं नाव सांगत सुटलीस. ती डेन्मार्कची बटणवाली, रीगाची सुयांवाली, सगळ्या तिथूनच आल्या. आता मधे हात घालणारं कुणी नाही. मिर्तेल रोज दुपारी घरी येते तेव्हा मी घरी असते. सिरक्का, हे तुझ्यामुळे. मी कधी बोलले नाही, आज बोलते. तुझे फार फार उपकार आहेत.

काल तुझ्या भाच्याचं, पेत्रीचं पत्र आलं. धंदा आता तो बघणार, कृतींचं भाषांतर यापुढे यंत्र करणार. शेवटी त्यानं लिहिलंय की मावशी खोलीतून बाहेर येत नाही, ‘पिरेटला त्या संकेतस्थळावरून ओढून आणलं आणि मधेच सोडलं, आता तिला तोंड कसं दाखवू’ म्हणते. वेडी आहेस का गं? तुझं काम गेल्याचं वाईट वाटलं, थोडी रडलेही. पण मी बुडत नाहीये. तूच जोडून दिलेल्या बायकांच्या कामावर माझं घर चालतंय. शनिवारी सकाळच्या बोटीनं मी आणि मिर्तेल येतोय, काळा पाव आणि धुरी दिलेले मासे घेऊन. काही बोलू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. फक्त दार उघड.

तुझीच,
पिरेट