तिसरा हिस्सा आणि सकाळचा डबा

मी, अजरा बेगम, मरहूम याह्या खान यांची पत्नी, वय सहासष्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक घातला किंवा गोड बोलून लिहून घेतले, यातले काही घडलेले नाही. उलट घरातले सगळे 'अम्मी, आत्ता कशाला हे' असेच म्हणत होते. माझ्या हृदयाची एक झडप नीट चालत नाही, तसे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. डोके नीट चालते, ते या कागदावरून कळेल.

वकिलांनी दिलेल्या मसुद्यात ओळीओळीला 'सदरहू' होता. तो मी खोडला. घरात आम्ही दखनी बोलतो, पण कन्नड तालुक्यातल्या पोरांना जन्मभर मराठीत निबंध लिहायला लावले, तेव्हा हाही मराठीतच लिहिते. पूर्वी कधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. माझे वारस दोन. मुलगा रिझवान, वाळूजच्या कारखान्यात नोकरीला. मुलगी यास्मिन, कन्नडला सासरी. शरीयतीप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. त्यात मला फेरफार करता येत नाही आणि करायचाही नाही. मात्र माझ्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मी वारस नसलेल्या माणसाला देऊ शकते. तो तिसरा हिस्सा मी माझी सून आमरीन रिझवान खान हिला देते.

हे कळल्यावर माझे भाऊ मजीदभाई छावणीहून रिक्षा करून आले. म्हणाले, "सून घरचीच आहे की. रिझवानला मिळालं म्हणजे तिला मिळालं."

मी म्हटले, "घरची असती तर देताच आलं नसतं, भाईजान. कायद्यानं ती वारस नाही, परकी आहे, म्हणूनच देता येतं."

त्यावर त्यांनी पाणी मागितले. परकी असण्याचा त्या मुलीला आजवर एवढा एकच फायदा झाला आहे. तो मी वाया जाऊ देणार नाही.

२. राहते घर माझ्या पगारातून घेतलेले आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. खोल्या तीन, जवळपास सारख्या. समोरची, मधली आणि स्वयंपाकघर. आमरीनच्या तिसऱ्या हिश्शात समोरची खोली धरावी. त्या खोलीला रस्त्यावर उघडणारे स्वतःचे दार आहे, त्याला सध्या कुलूप असते. आज ती पहाटे मधल्या दाराने निघते, कडी वाजू नये म्हणून दबकत, चपला हातात घेऊन. आपल्याच घरातून चोरासारखी. मला ते बघवत नाही. समोरच्या दाराची किल्ली तिच्याकडेच राहील.

३. हे सगळे का, ते लिहायलाच हवे, नाहीतर लोक आपल्या मनाने काहीतरी लावतील.

आमरीन शर्यतीत चालते. पळत नाही, चालते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते की अशी शर्यत असते. त्यात एक पाय कायम जमिनीला टेकलेला दिसावा लागतो आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. नाहीतर पंच लाल कार्ड देतात, तीन झाली की बाहेर. दिसायला ते थोडे विचित्र दिसते, कंबर हलते. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला डॉक्टरांनी चालायला सांगितले, म्हणून मीच तिला हर्सूलच्या तळ्यावर घेऊन जायला लागले. मी बाकावर टेकायचे आणि ती पुढे जायची. लवकरच अशी पुढे जायला लागली की मला नुसती ओढणी दिसायची. तिथे मुलांना शिकवणारे शिवराज गाडेकर सर एक दिवस म्हणाले, "ताई, शर्यतीत चालाल का?" तिला हसूच आवरेना. चालायची कसली शर्यत! मी म्हटले, जा. घरचे मी बघते.

तेव्हापासून सकाळ माझी. इनाया आणि झियान या नातवंडांना उठवणे, आंघोळी, दोघांचे डबे, रिझवानचा डबा, रिक्षावाल्याला थांबवून ठेवणे. ती यायची तेव्हा पोरे गेलेली असायची आणि ती ओट्यापाशी उभी राहून घामेजल्या तोंडाने गार पोळी खायची. मला ते फार आवडायचे. जिल्ह्याला तिला तिसरा नंबर मिळाला. राज्याला मागच्या वर्षी लाल कार्डे मिळून बाहेर पडली. घरी येऊन म्हणाली, "अम्मी, गुडघा वाकला," आणि कणीक मळायला बसली. येत्या जानेवारीत पुन्हा राज्य स्पर्धा आहे.

ऑगस्टमध्ये मला दवाखान्यात ठेवले. घरी आले तेव्हा तळ्याजवळ भाजी विकणारी पारूबाई शेपूची जुडी घेऊन फाटकापाशी आली. माझी तब्येत विचारली आणि मग म्हणाली, "तुमचं आजारपण ठाव हाय वो मला. पन सून कुठं गेली? लई झपझप चालायची. आता दिसंना. बरी हाय नव्हं?"

मी आत येऊन पाहिले. पलंगाखाली आमरीनचे बूट नव्हते. ते माळ्यावर होते, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, ईदच्या मोठ्या पातेल्यात ठेवलेले. जे वर्षातून एकदा निघते, त्याच्यात.

"कुणी ठेवले?" मी विचारले.

"मीच," आमरीन म्हणाली. "आता तुम्ही आराम करायचा, अम्मी. बघू पुढं."

रिझवान टीव्हीसमोर होता. त्याला म्हटले, "बायकोचे बूट माळ्यावर गेलेत. माहीत आहे का?"

तो म्हणाला, "मी कुठं अडवलंय तिला?"

खरेच आहे. माझा मुलगा चांगला आहे, कधी आवाज चढवत नाही, पगार आणून हातावर ठेवतो. त्याने अडवले नाही. कोणीच अडवले नाही. मी आडवी पडले आणि तिचे चालणे आपोआप बंद झाले, एवढेच. मी त्याला म्हटले, "अडवलं नाहीस रे, पण उठलास का?"

त्याने टीव्ही बंद केला. मी गेल्यावर ते बूट पुन्हा त्याच पातेल्यात जातील, ही मला भीती आहे. मरणाची एवढी वाटत नाही. म्हणून हा कागद.

बूट मी त्याच दिवशी स्टुलावर चढून खाली काढले आणि दुसऱ्या पहाटेपासून तिला पुन्हा तळ्यावर धाडले. डॉक्टरांना स्टुलाचे सांगू नये.

४. बँकेतल्या ठेवीचाही तिसरा हिस्सा आमरीनचा. त्यातून बूट, प्रवास, स्पर्धेची फी आणि लागेल तेव्हा गुडघ्याचे डॉक्टर. त्याचे सोने करू नये. पोरांच्या शाळेसाठीही काढू नये, त्यांना बाप आहे. माझ्या सोन्याच्या पाटल्यांचा वाटा आमरीनने मागू नये, त्या रिझवानच्या संमतीने यास्मिनला जाव्यात. आमरीनने स्वतःहून तसे म्हटले आहे, तरी लिहून ठेवलेले बरे.

५. राहिलेल्या दोन खोल्यांचे काय करायचे ते बहीणभावाने बसून ठरवावे. यास्मिन म्हणते की तिला भिंती नकोत, माहेरी आल्यावर निजायला जागा हवी. ती तिला मधल्या खोलीत असावी. स्वयंपाकघर मात्र रिझवानच्या वाट्याला यावे, अशी माझी इच्छा आहे. वारसाला मी अट घालू शकत नाही. पण आई म्हणून सांगू शकते, आणि साक्षीदारांसमोर सांगते.

स्वयंपाकघर घ्यायचे म्हणजे त्यातल्या सकाळीसकट घ्यायचे. पोळ्या जमणार नाहीत, त्यात लाजायचे काही नाही, मलाही लग्नाआधी जमत नव्हत्या. अंडा-भुर्जी आणि पाव चालतो. झियानच्या डब्यात कांदा दिसता कामा नये, दिसला तर डबा तसाच परत येतो. इनायाची वेणी आधी, डबा नंतर, नाहीतर ती रडत रिक्षात बसते. छोट्या कुकरची शिट्टी अडकते, तिला चमच्याने हलकेच टोचावे. दूध ठेवून मोबाईल बघू नये. पहिले काही दिवस सगळे करपेल आणि आमरीन धावत मदतीला येईल. तिने येऊ नये. ही सूचना तिला आहे.

६. समोरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात रिझवानच्या अब्बांचे हॉकीचे कप आहेत. ते नातवंडांनी घ्यावेत. कपाट आमरीनचे, आणि खालचा कप्पा बुटांसाठी.

याह्या छावणीच्या मैदानावर रोज संध्याकाळी खेळायचे. फार सुंदर खेळायचे, खोटे कशाला बोलू. डावीकडून चेंडू घेऊन निघाले की मलासुद्धा उठून ओरडावेसे वाटे. रिझवान झाला त्या दिवशी जालन्याला फायनल होती. मी कन्नडहून एसटीने यायचे, दोन पोरे, स्वयंपाक, वह्या तपासणे, त्यांचे चिखलाचे मोजे. त्यांच्या संघाने सत्कार केला तेव्हा त्यांनी भाषणात कप्तानाचे आभार मानले, प्रशिक्षकांचे मानले, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणाऱ्या माणसाचेही नाव घेऊन मानले. माझे नाव आले ते नंतर घरी पाहुणे आले तेव्हा. "अजरा, चहाचं बघ."

मला तेव्हा फार राग आला होता. तो अजून आहे. तो मी या कागदाने कोणाच्याही नावे करत नाही, बरोबर घेऊन जाते. पण मैदानावरच्या माणसामागे घरी कोणीतरी उभे राहावे लागते, हे मला पुस्तकातून कळलेले नाही. मी एकदा नवऱ्यासाठी उभी राहिले, तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. दुसऱ्यांदा सुनेसाठी उभी राहिले, ते माझ्या मनाने. आता रिझवानची पाळी.

७. घरापुढच्या ओट्यावरची वेताची खुर्ची मजीदभाईंना. पुतणीच्या लग्नात भर मांडवात ते मला म्हणाले होते, "क्या अजरा, तेरी बहू बस पकडने जा रई क्या?" सगळे हसले. आमरीन ताट हातात घेऊन तिथेच उभी होती, तीही हसली, आणि नंतर आठ दिवस तळ्यावर गेली नाही. बसल्या जागेवरून बोलायला ती खुर्ची चांगली आहे, हातांना आधार आहे. ती तिसऱ्या हिश्शातूनच जाईल, तेवढा तोटा आमरीनने सोसावा.

८. गजराचे घड्याळ. रिझवान वारस असल्याने ते त्याला मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून आज सकाळीच त्याच्या हातात दिले. त्याने उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "सेल आहे का यात?" आहे.

९. माझ्या दफनाचा खर्च माझ्या पैशातून करावा. जेवणावळी नकोत. मय्यत झालेल्या घरात तीन दिवस चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे आणि नातेवाईक जेवण पाठवतात. माझी मैत्रीण सुलेखा हिच्या घरून वरण-भात येईल, ती ऐकणार नाही. म्हणजे तीन दिवस कोणालाच डबा करायचा नाही. तेव्हा मला पुरल्यानंतरच्या पहिल्या सकाळी आमरीनने बूट घालून तळ्यावर जावे. रडू आले तर चालता चालता रडावे, गुडघा तेवढा सरळ ठेवावा. लोक बोलतील. इद्दत, म्हणजे घरात राहून पाळायचा शोकाचा काळ, नवऱ्यासाठी असते, सासूसाठी नसते, मजीदभाईंनी मौलानांना विचारून घ्यावे. तरीही कोणी बोललेच तर तिने हा कागद दाखवावा. मी पाठवले आहे, असे सांगावे.

बेटा आमरीन, माझ्या आजारपणात तू बूट माळ्यावर ठेवलेस, ते प्रेमाने ठेवलेस हे मला कळते. पुन्हा ठेवू नकोस.

चौथ्या दिवशी घरात चूल पेटेल. ती कोण पेटवतो, त्यावर या कागदाचे खरे-खोटे ठरेल.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण आणि एकेकाळची मुख्याध्यापिका सुलेखा वाघचौरे हिने करावी. पाटल्यांची आणि कलम पाचची गोष्ट वारसांच्या संमतीवर आहे, आणि वारसांची संमती मृत्यूनंतरचीच ग्राह्य धरतात. म्हणून आज रिझवानची सही घेत नाही. खाली जागा सोडली आहे. चौथ्या दिवशी त्याने आपल्या हाताने काय ते लिहावे.

वरचा मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, शुद्धलेखन तपासले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

ठिकाण: हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २२ सप्टेंबर २०२५

सही: अजरा बेगम याह्या खान

साक्षीदार:
१. सुलेखा काकासाहेब वाघचौरे, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, हर्सूल
२. शिवराज अप्पाराव गाडेकर, क्रीडा प्रशिक्षक, हर्सूल

वारसांची संमती (जागा सोडलेली):

मी यास्मिन. सगळं कबूल. मधल्या खोलीत गादी माझी.
सही: यास्मिन

मी रिझवान याह्या खान. कलम पाच वाचलं. स्वयंपाकघर घेतलं. आज चौथा दिवस. पहिल्या सकाळी आमरीन जात नव्हती, तिला नववं कलम वाचून दाखवलं, मग गेली. आजही गेली आहे. भुर्जी थोडी करपली, झियानच्या डब्यात कांदा दिसत नाही, वेणी वाकडी झाली पण इनाया रडली नाही. घड्याळ चालू आहे.

अम्मी, उठलो.

सही: रिझवान
हर्सूल, ८ डिसेंबर २०२५