मम्मीचा राजीनामा

दुक्म
९ जानेवारी २०२५

ती. मम्मीस,
स. न. वि. वि.

रविवारी तू माझा फोन दोनदा कापलास, म्हणून लिहितो आहे. पत्र कापता येत नाही. आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर रमण दर गुरुवारी मस्कतला येतो आणि शनिवारी परततो. तो हे तुझ्या ऑफिसात देईल. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझ्या सुनेने, मेरिलने, वसईहून मला तुझा फोटो पाठवला. हसून पाठवला. मला हसू आलं नाही. कड्याच्या टोकावर माझी सत्तावन्न वर्षांची आई, हातात काठी, डोक्यावर डॅडींची टोपी, आणि बाजूला तुझा साहेब उवे आणि त्याची बायको कारिन दात दाखवतायत. डॅडींना जाऊन वर्षही झालेलं नाही.

डॅडींच्या कंपनीचा फ्लॅट सोडावा लागला तेव्हा तू साहेबाच्या घरात खोली घेतलीस, तेही मी गिळलं. इथे दुक्मला बांधकामावर सगळा पुरुषांचा कॅम्प, तुला आणता येत नाही, हे कबूल. पण मस्कतमध्ये आपली माणसं संपली होती का? जर्मनांच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं आणि शुक्रवार आला की त्यांच्या मागून डोंगर चढायचे! गुडघा दुखतो म्हणून मिसाला तू गुडघे टेकत नव्हतीस, ते मी विसरलेलो नाही.

मेअखेर नोकरी सोड आणि वसईला जा. मेरिलला पुन्हा कामावर जायचंय, बाळाला आजी हवी. मी तिला शब्द दिला आहे.

तब्येत सांभाळ, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहितो.

वॉरन


मस्कत
१८ जानेवारी २०२५

चि. वॉरनला,
अ. उ. आ. (अनेकांतले दोन-तीन कमी करून)

तुझं पत्र मिळालं. ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं, ही माझी चूक. शब्द तू दिला असशील, तर बाळाजवळ तू जाऊन बस.

डोंगराचं तुला सांगते, म्हणजे निदान नीट माहिती घेऊन ओरडशील. सुरुवातीला मी गाडीतच बसायचे. ते दोघं वर जायचे, मी खाली थर्मास सांभाळायचे. नोव्हेंबरात कारिनने तिचे जुने बूट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली की तू सामानासारखी बसून राहतेस, ते मला बघवत नाही. मला इतका संताप आला की बूट घातले आणि पहिला चढ त्या संतापावरच चढले. अर्ध्यावर उलटी झाली. कारिनने पाणी दिलं आणि सांगितलं की चढावर बोलायचं नाही, थांबायचं असेल तर हात वर करायचा, आणि एकटं कधीही चालायचं नाही. पाठीवर हात फिरवला नाही.

ही माणसं मायाळू नाहीत. संध्याकाळी थंड पाव आणि चीज खातात, जेवलीस का म्हणून विचारत नाहीत. एकदा मी चिंबोऱ्यांचं कालवण केलं तर दिवसभर खिडक्या उघड्या टाकल्या. मी त्यांच्यावर भाळले आहे असं समजू नकोस.

पण वाट कळावी म्हणून तिथे दगडांवर लाल, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. एक दिसली की पुढची शोधायची, एवढंच काम. त्यात सकाळ जाते. डॅडी गेल्यापासून माझं डोकं एका जागी राहत नव्हतं, तिथे राहतं. वर पोचल्यावर मी तीन उकडलेली अंडी खाल्ली आणि पावासाठी एका बकरीशी भांडले. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

गुडघा चढताना दुखत नाही, उतरताना दुखतो. काठी त्यासाठी. टोपी उन्हासाठी.

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत आहे. मेमध्ये मी कुठेही जात नाही.

तुझी, अजून नोकरीवर असलेली,
मम्मी


दुक्म
६ फेब्रुवारी २०२५

मम्मी,
नमस्कार.

तीन शुक्रवार तुझा फोन लागला नाही. संध्याकाळी सातला लागतो तेव्हा तू हसत सांगतेस, रेंज नव्हती. हसतेस!

घरी नसण्याची तुला सवयच आहे. डॅडी गेले तेव्हाही तू घरी नव्हतीस. मत्रहच्या बाजारात मासे निवडत होतीस आणि ते स्वयंपाकघरात एकटे पडले होते. हे कुणीतरी तुला तोंडावर सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगतो.

मेचं मी बघून घेतलं आहे. आता वाद नको. खलास.

वॉरन


मस्कत
२३ फेब्रुवारी २०२५

वॉरन,

आशीर्वाद या वेळी नाहीत. डावा हात प्लास्टरमध्ये आहे. उजवा शाबूत आहे, म्हणून हे पत्र.

शुक्रवारी आम्ही जबल शम्सला गेलो. तिथे कड्याच्या पोटातून वाट जाते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वाटेच्या शेवटी ओसाड गाव आहे, कड्याला चिकटलेली दगडी घरं. तिथे बसून संत्रं सोलताना उवेने विचारलं की कारिनचं थंडीचं जॅकेट मी मेमध्ये परत करणार की वसईला नेणार. मला काही कळेना. मग त्याने सांगितलं की तुझा मेल येऊन दोन आठवडे झाले. आईची तब्येत बरी नाही, स्वतः सांगायला तिला संकोच वाटतो, तरी एकतीस मे हा तिचा शेवटचा दिवस धरावा, असं तू लिहिलंस. त्याने माझ्या जागेसाठी माणूस शोधायलाही घेतलं होतं.

माझा राजीनामा, मला न विचारता! चौतीस वर्षं मी लोकांची पत्रं टाइप केली, कधी कुणाच्या नावाने एक ओळ पदरची घातली नाही.

मी उवेवरही ओरडले. मला का नाही विचारलंस म्हटलं. त्याला वाटलं मुलाने लिहिलंय म्हणजे घरात ठरलं असेल, तुमच्याकडे असंच असतं ना. त्याच्या हातातलं संत्रं मी दरीत फेकलं आणि एकटीच परत निघाले. रागात पट्ट्या बघितल्या नाहीत, बकऱ्यांच्या वाटेला लागले, घसरले आणि मनगटावर पडले. पाऊण तास दगडाला टेकून बसले होते. कारिनने मला शोधलं, काठी मोडून हाताला बांधली आणि गाडी येईपर्यंत मला शिव्या दिल्या, जर्मनमधून. त्या मी निमूट ऐकल्या.

तर तू म्हणत होतास तसं झालं. खूश हो.

काल मेरिलचा फोन आला. बाळाला तिची आई सांभाळणार हे डिसेंबरातच ठरलं होतं, तिने तुझ्याकडे काही मागितलंच नव्हतं. मग मला घालवायची घाई कुणाला होती?

आता मत्रहचं. मी घरी आले तेव्हा डॅडींचा फोन ओट्यावर होता. त्यावरचे शेवटचे दोन कॉल तुला होते, नऊ दहाला आणि नऊ चौदाला. तू उचलले नाहीस. मी ते पुसून टाकले आणि सात महिने कुणापाशी बोलले नाही. आणि तू विचारतोस, मी कुठे होते.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

ब्रिजेट तुस्कानो


दुक्म
१३ मार्च २०२५

ती. मम्मीस,
नमस्कार.

गेल्या गुरुवारी रमणला मी रिकाम्या हाताने पाठवलं. लिहिलेलं फाडत होतो.

माझा मेल खोटा होता, असं उवेला कळवलं. त्याचं एका ओळीत उत्तर आलं की मिसेस तुस्कानोंनी ते आधीच सांगितलं आहे. बरं झालं.

फोनचं तुला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या फोनवर ते दोन्ही कॉल अजून आहेत. मी स्कॅफोल्डिंगवर होतो. डॅडींचं नाव बघितलं. बाळाच्या बाप्तिस्म्याला मी रजा घेतली नाही म्हणून आदल्या आठवड्यात आमचं भांडण झालं होतं. वाटलं, पुन्हा तेच ऐकवतील. फोन खिशात टाकला, दुपारी लावू म्हटलं. दुपारी तुझा आला.

मम्मी घरी नव्हती, हे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, मेरिललाही. मी सोडून कुणाचीतरी चूक असायला हवी होती. शुक्रवारी तुझा फोन लागत नाही तेव्हा मी जेवत नाही, लावत बसतो. मेसमधली पोरं हसतात. वसईला तू असलीस तर मेरिल उचलेल, शेजारी उचलतील, कुणीतरी उचलेल. मेल त्यासाठी लिहिला. कारण चांगलं नाही, मला कळतं.

डोंगर मला तरीही आवडत नाहीत. तो उवे तर मुळीच नाही. हाताचं कळव.

वॉरन


मस्कत
१२ एप्रिल २०२५

चि. वॉरनला,
अ. उ. आ.

प्लास्टर निघालं. मनगट जरा वाकडं बसलंय, पण टाइप करता येतं.

माझा राग गेलेला नाही. तुझ्या पत्रात मी माफी शोधली, मला कारणं सापडली. मेल मी विसरणार नाही. मात्र ते कॉल मी तुझ्या तोंडावर फेकायला नको होते. इतके दिवस ते मी पोटात ठेवले ते तुला जपायला, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे कधीतरी मारायला ठेवले होते.

आणि एक गोष्ट मी त्यातही लपवली. त्या सकाळी डॅडी भांडायला फोन करत नव्हते. मला बाजारात पाठवताना म्हणाले की मोठा हलवा मासा मिळाला तर आण, पोराला विचारतो या आठवड्यात जेवायला येतोस का. हे वाचून तुला बरं वाटेल की वाईट, मला सांगता येत नाही. मला वाईटच वाटत आलंय, म्हणून लिहायला इतके महिने गेले.

उवे आता माझ्याबद्दलचं सगळं मलाच विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो, त्याचाही वैताग आला आहे. पुढच्या मार्चपर्यंत मी इथेच. कारिनने मला रांगेत सगळ्यांत पुढे चालायला लावलंय, तिच्या नजरेसमोर.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी रमणच्या बसने ये. शुक्रवारी पहाटे आम्ही डोंगरावर जाणार आहोत. तुला नेणार नाही, तुझ्याशी भांडत चढायला माझ्याकडे दम नाही. तू झोप काढ. मधे फोन लावू नकोस, लागणार नाही. चार वाजता मी दारात असेन. चार वाजून पाच मिनिटांनी ओरडायला सुरुवात केलीस तर मी काही बोलणार नाही.

लोभ आहे, सध्या कष्टाने आहे.

तुझी,
मम्मी